छायाचित्रातील स्थाननोंद आणि क्षेत्रीय माहिती संकलन

कुंडलच्या डोंगरातील झरी पार्श्वनाथाच्या गुहेपर्यंत क्षेत्रभेटीस गेलेला विद्यार्थी मोबाइलवर छायाचित्र घेतो तेव्हा, स्थानसेवा सुरू असल्यास, दिनांक व वेळेबरोबर अक्षांश-रेखांशही त्याच फाइलमध्ये ‘एक्झिफ’ स्वरूपात साठविले जातात. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाच्या छायाचित्रासोबत स्थान नोंदविले जाते.

परंतु ही नोंद छायाचित्र घेणारा कोठे उभा होता एवढेच सांगते. रस्त्यावरून टिपलेला द्राक्षमळा नकाशावर रस्त्यावरच उमटतो. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक साधारणतः ५ मीटर असते. गुहेत मात्र उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत व आधीचेच स्थान नोंदले जाण्याचा संभव असतो. म्हणून गुहेच्या तोंडाशी एक छायाचित्र आवर्जून घ्यावे. अक्षांश वहीत उतरविताना एका सेकंदाची चूक झाली तरी जमिनीवर सुमारे ३१ मीटरचा फरक पडतो. अरुंद गटात तेवढ्याने पीक शेजाऱ्याच्या शेतात जाते.

खरी हानी परतल्यानंतर होते. व्हॉट्सॲपवर छायाचित्र म्हणून पाठविताच स्थाननोंद गळून पडते. प्रस्तुत लेखकाच्या एका प्रकल्पातील निम्मी छायाचित्रे अशीच निरुपयोगी ठरली, आणि ती शेते पुन्हा पाहावयास गेलो तेव्हा पीक निघालेले होते. तेव्हापासून मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच स्वीकारतो.