ग्राफिक्स कार्ड बदलावे की न बदलावे?

- प्रतिनिधी

संगणकावर खेळताना चित्र अडखळू लागले, की दोष ग्राफिक्स कार्डाचाच, असा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर काढला जातो. बारावीचा निकाल लागतो किंवा दिवाळीचा बोनस हाती येतो, चिरंजीव वडिलांना घेऊन लॅमिंग्टन रोड गाठतात आणि पंचवीस-तीस हजार रुपये मोजून नवे कार्ड घरी येते. ते बसवल्यावर खेळ पूर्वीइतकाच अडखळतो, असाही अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी दुकानदाराने फसवलेले असतेच असे नाही. कार्डही बहुधा उत्तमच असते. चूक झालेली असते ती रोगनिदानात.

पडद्यावर दिसणारा खेळ हे दोघांचे काम असते. शत्रू कोठे उभा आहे, चेंडू कोणत्या दिशेने उसळेल, भिंत कोसळली तर तिचे तुकडे कोठे पडतील, हा सारा हिशेब प्रोसेसर करतो. तो हिशेब हाती आल्यावर प्रत्येक ठिपका रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमसाठी दोघांनाही जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. दोघांपैकी जो मागे पडेल त्याच्यासाठी दुसऱ्याला थांबावे लागते. प्रोसेसर मागे पडत असेल, तर कितीही महागडे कार्ड आणले तरी ते हात बांधून बसून राहते.

मागे कोण पडते आहे, हे पाहण्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणावे. रंगवायच्या ठिपक्यांची संख्या २०.७ लाखांवरून सुमारे ९.२ लाखांवर येते, म्हणजे कार्डाचे काम निम्म्याहून कमी होते. प्रोसेसरचे काम मात्र जवळपास तेवढेच राहते. आता फ्रेमची संख्या भराभर वाढली, तर कार्ड कमी पडत होते हे सिद्ध झाले. ती जागची हललीच नाही, तर दोष कार्डाचा नव्हे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्येही कार्डाचा वापर टक्क्यांत दिसतो. खेळ सुरू असताना तो शंभराच्या जवळ राहत असेल, तर कार्ड खरोखरच दमलेले आहे. प्रोसेसरचा आकडा मात्र तेथे फसवा असतो. एकूण वापर ४० टक्के दिसत असतानाही त्यातील एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो, आणि खेळ अडतो तो त्या एका कोअरपाशी.

काही कारणे तर हास्यास्पद वाटावीत इतकी साधी असतात. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या पोर्टला जोडलेली असणे हे त्यातले एक. रॅमची एकच पट्टी बसवलेली असेल, तर दोन पट्ट्यांच्या तुलनेत निम्माच वेग उपलब्ध होतो, आणि त्याची झळ खेळांना चांगलीच बसते. पाच-सहा वर्षांच्या कार्डात धूळ साचून आणि थर्मल पेस्ट सुकून तापमान वाढते. कार्ड जळू नये म्हणून ते स्वतःच आपला वेग उतरवते. हे काम काही शे रुपयांत होते. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० पेक्षा अधिक चित्रे दाखवूच शकत नाही. १२० फ्रेम देणारे कार्ड त्याला जोडून डोळ्यांना फारसे काही मिळत नाही.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊ. एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० हे कार्ड जुलै २०१६ मध्ये आले आणि पुढची अनेक वर्षे जगभरातील खेळाडूंचे सर्वांत आवडते कार्ड ठरले. सातव्या पिढीचा चार कोअरचा आय-फाईव्ह प्रोसेसर आणि हे कार्ड, अशी जोडी त्या काळात भारतातही असंख्य घरांत बसवली गेली. या जोडीच्या मालकांपुढचा प्रश्न केवळ वेगाचा नाही. डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ या खेळांना प्रकाशकिरणांचा मार्ग मोजणारे, म्हणजे रे ट्रेसिंगचे, हार्डवेअर अनिवार्य आहे. ते १०६० मध्ये नाही. या पिढीच्या कार्डांसाठी नव्या खेळांबरोबर येणारे ड्रायव्हर देणे कंपनीने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. सुरक्षेपुरत्या सुधारणा ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळतील, असे तिने जाहीर केले आहे.

म्हणजे कार्ड बदलायलाच हवे? येथेच खरी मेख आहे. सातव्या पिढीचा तो प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यात चार कोअरचा प्रोसेसर आजच्या मोठ्या खेळांत आधी मागे पडतो. अशा संगणकात तीस हजारांचे कार्ड बसवणे म्हणजे पाया खचलेल्या इमारतीवर नवा मजला चढवणे होय. त्याने जुन्याच खेळांवर समाधान मानावे, किंवा पैसे साठवून मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमपासून सुरुवात करावी, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे. याउलट सहा कोअरचा रायझन ५६०० किंवा बाराव्या पिढीचा आय-फाईव्ह ज्याच्याकडे आहे, त्याने वरील चाचणी करून खुशाल कार्ड बदलावे.

बदलताना कार्डावरील मेमरी पाहावी. एकाच नावाचे कार्ड ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते. २०२५ मध्ये आलेली आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही त्याची उदाहरणे. मेमरी भरली, की उरलेला मजकूर मदरबोर्डवरील स्लॉटमधून ये-जा करू लागतो आणि खेळ हिसके देतो. ५०६० टीआय त्या स्लॉटच्या सोळापैकी आठच वाहिन्या वापरते, त्यामुळे जुन्या मदरबोर्डवर हे हिसके अधिक जाणवतात. चार-पाच वर्षे कार्ड वापरायचे असेल, तर थोडी झळ सोसून १६ जीबीचे घ्यावे.

एसएमपीएसकडे तर कोणाचेच लक्ष नसते. १०६० ला १२० वॅट लागत, आरटीएक्स ५०६० ला १४५ आणि ५०६० टीआयला १८० वॅट लागतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे. घरातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे. बहुतेकांची क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. वीज गेल्यावर खेळ ऐन रंगात असताना तो सारा संगणकच बंद पाडू शकतो. कॅबिनेटमधली मोकळी लांबीही दुकानात जाण्यापूर्वी पट्टीने मोजून घ्यावी.

जुन्या कार्डांच्या बाजाराबद्दल थोडे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवर ते चलन खणण्याचा धंदा बसला आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे विक्रीस आली. त्यातली सगळी खराब नव्हती, पण पंखे आणि मेमरी झिजलेली असण्याची शक्यता मोठी. असे कार्ड घ्यायचेच, तर मूळ पक्के बिल मागावे, त्यावरील क्रमांक कार्डावरील क्रमांकाशी ताडून पाहावा, आणि विक्रेत्याच्या समोर अर्धा तास एखादा जड खेळ चालवून तापमान व पंख्यांचा आवाज तपासूनच पैसे द्यावेत.