एकच डोळा पुढे येतोय? कारण मेंदूच्या आवरणातही असू शकतं

एक डोळा हळूहळू पुढे आल्यासारखा दिसतो, पण दुखत नाही. नंबर वाढला असेल म्हणून चष्मा बदलला जातो, तरी धूसर दिसणं थांबत नाही. क्वचित याचं मूळ डोळ्यामागे, मेंदूच्या आवरणातल्या गाठीत असतं.

मेनिंजिओमा म्हणजे काय?

मेंदूभोवती संरक्षक आवरणाचे तीन थर असतात. त्यातल्या मधल्या थराच्या पेशींपासून वाढणारी गाठ म्हणजे मेनिंजिओमा. हे नाव अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी १९२२ मध्ये दिलं. यातल्या सुमारे ८० टक्के गाठी ग्रेड १ च्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या असतात. ग्रेड ३ ची आक्रमक गाठ मात्र शंभरात एक ते तीन जणांनाच होते. ती वेगाने वाढते आणि काढल्यावरही अनेकदा परत येते.

ती डोळ्यापर्यंत कशी पोहोचते?

डोळ्याच्या खोबणीमागे स्फेनॉइड नावाचं, फुलपाखरासारखं दिसणारं हाड असतं. त्याच्या जवळची गाठ हाडात शिरली की हाड जाड होतं. खोबणीतली जागा कमी होते आणि डोळा पुढे ढकलला जातो. याच हाडातल्या अरुंद बोगद्यातून दृष्टीची नस मेंदूकडे जाते. तिच्यावर दाब आला की रंग फिके दिसतात, नजर मंदावते. डोळा हलवणारे स्नायू किंवा त्यांच्या नसा दाबल्या गेल्या तर एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात.

निदान आणि उपचार

सीटी स्कॅनमध्ये हाडातला बदल दिसतो, एमआरआयमध्ये गाठीचा पसारा. पण हाडात शिरलेली प्रत्येक गाठ ग्रेड ३ ची नसते. ग्रेड ठरतो तो काढलेल्या गाठीच्या तपासणीवरून. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार त्यात काही जनुकीय बदलही पाहिले जातात.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. दृष्टीची नस आणि मोठ्या रक्तवाहिन्या जवळ असल्याने संपूर्ण गाठ काढणं अनेकदा शक्य होत नाही. ग्रेड ३ मध्ये त्यानंतर रेडिएशन दिलं जातं आणि वारंवार एमआरआय करून लक्ष ठेवावं लागतं.

घाबरायचं का?

नाही. प्रौढांमध्ये डोळा पुढे येण्याचं सर्वांत नेहमीचं कारण थायरॉइडशी संबंधित आजार हे आहे. पण जुने फोटो काढून पाहा. फरक दिसत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळा काही दिवसांतच पुढे आला, ताप किंवा वेदना असतील, नजर अचानक कमी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नस फार काळ दबलेली राहिली तर गेलेली दृष्टी परत येईलच असं नाही.