बाळंतपणाची रजा : उपकार नव्हे, हक्क

नांदेड-देगलूरकडच्या अनेक लेकी नोकरीनिमित्त हैदराबादेत, कुकटपल्ली भागात राहतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी येताना पगाराचे काय, ही चिंता असतेच. 2017 च्या दुरुस्तीने दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा 12 वरून 26 आठवडे झाली; नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. पैकी 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. मात्र आधीच्या 12 महिन्यांत 80 दिवस काम झालेले हवे. ठेकेदारामार्फत लागलेल्या मुलीलाही हा हक्क आहे. खासगी नोकरीतल्या बापाला अशी कायदेशीर रजा नाही. त्याने आपल्या सुट्ट्या राखून ठेवाव्यात. अर्ज लेखीच द्यावा, पोच घ्यावी. तोंडी आश्वासनाचा पुढे पुरावा राहत नाही.