आडवाटेची गाडी

संत्री वाहणारी पिकअप गाडी पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेली आपल्या पांढुर्णा-सौसर भागात कोणी पाहिली नाही? अशी गाडी आडवाटेच्या दूर प्रवासास योग्य करावयाची, तर प्रथम टायरांकडे पाहावे. त्यांतील हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, भार अधिक जागेवर विभागला जातो आणि रुतणे कमी होते. मात्र डांबरी रस्ता लागताच हवा पुन्हा भरावी, नाही तर टायर तापून फुटावयाचा. इंजिनाची शक्तीही चारही चाकांना मिळावी. महिंद्रा कंपनीने मुंबईत जिची जोडणी आरंभिली, ती विलीज जीप याच गुणामुळे चिखलातून निघत असे.

पाटे बदलून गाडी उंच केली, म्हणजे दगड तळाला लागत नाहीत. पण गुरुत्वमध्यही वर जातो. त्यातच टपावर १०० लिटर पाणी ठेवले, तर १०० किलो भार डोक्यावर येतो आणि सातपुड्याच्या घाटातील वळणावर गाडी कलंडण्याचे भय वाढते. म्हणून जड सामान तळाशी, दोन्ही आसांच्या मध्ये ठेवावे. मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मनाई करते.

सामान वाढविणे सोपे आहे. कोणते घरी ठेवावे हे ज्याला कळते, तोच सुखरूप परततो.