इटलीच्या ताटात आपले काय?

विटा हे गाव प्रवासाला नवखे नाही. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आपल्या खानापूर तालुक्यातील माणसे कित्येक दशकांपूर्वी घराबाहेर पडली आणि भारताच्या कानाकोपऱ्यांत स्थिरावली. बाजारपेठेतील आपली जैन कुटुंबेही व्यापाराच्या निमित्ताने गावोगाव हिंडत आलेली आहेत. मात्र दुसऱ्या देशातील माणसे काय जेवतात, एवढेच पाहण्यासाठी परदेशी जावे, ही कल्पना आमच्या घरात नवीनच होती. ती मांडली महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलीने. सासूबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न केला, "जाऊ या गं, पण तिथं आपल्याला खायला काय मिळणार?"

प्रश्न रास्त होता. आमच्या घरात कांदा, लसूण, बटाटा येत नाही. आई सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. अशा नेमाच्या माणसाला घेऊन खाद्ययात्रेला निघणे म्हणजे एकादशीच्या घरी पंगत मांडण्यासारखेच. तरीही मी मोठ्या विश्वासाने म्हटले, "आई, खाण्याची जबाबदारी माझी." हे शब्द पुढे मला फार जड गेले. ते कसे, हेच सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एक देश, वीस स्वयंपाकघरे

इटली हे एकसंध राष्ट्र झाले ते 1861 मध्ये. त्यापूर्वी तेथे अनेक लहानमोठी राज्ये होती. आजही त्या देशाचे वीस प्रांत आहेत आणि प्रत्येकाची चूल वेगळी आहे. आपल्याकडे खानदेश, वऱ्हाड आणि कोकण यांच्या जेवणात जितके अंतर, तितकेच तेथेही. उत्तरेकडे लोणी, तांदूळ, मक्याचे पीठ आणि अंडी घातलेला ताजा पास्ता. दक्षिणेकडे ऑलिव्हचे तेल, टोमॅटो आणि केवळ रवा व पाणी यांचा पास्ता.

आमचे दुकान धान्याचे, त्यामुळे घरच्यांचे लक्ष आधी गव्हाकडे गेले. दक्षिणेतील हा रवा दुरम गव्हाचा, म्हणजे आपण ज्याला बन्सी म्हणून ओळखतो त्याच जातकुळीचा. कोरडा पास्ता दुरम गव्हाच्या रव्याचाच असावा, असा कायदा इटलीने 1967 मध्ये केला. अंडे टाळणाऱ्यांसाठी यात मोलाची खूण आहे. बंद पाकिटातील साधा कोरडा पास्ता बहुधा निर्दोष असतो. हाताने केलेला पिवळाधमक ताजा पास्ता, विशेषतः बोलोन्याच्या परिसरातील, अंड्यावाचून होत नाही.

दुसरी सोय निसर्गानेच केली. मे महिन्यात तेथे सूर्य सायंकाळी आठनंतर मावळतो. भोजनालये सात-साडेसातला उघडतात. त्यामुळे आईंचा चौविहार बाराही दिवस निर्वेध पार पडला. हिवाळ्यात मात्र तेथे पाचच्या सुमारास अंधार पडतो, हे निघण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

पार्म्यातील चूक

प्रवासाचा आरंभ मिलानहून झाला. तेथील प्रसिद्ध केशरी भात, रिसोत्तो, दिसायला आपल्या केशरभातासारखा. परंतु त्यात कांदा, मद्य, मांसाचे पाणी आणि पारंपरिक कृतीत हाडातील मगजही असतो. तो आम्ही दुरूनच पाहिला. दोन दिवस साधा टोमॅटोचा पास्ता घेतला. कांदा नको, लसूण नको, अंडे नको, हे प्रत्येक ठिकाणी आवर्जून सांगितले. वर भुरभुरलेल्या चीजविषयी आईंनी विचारले, तेव्हा मी म्हणाले, "दुधाचंच आहे, आई." आपल्याकडे पाकिटावरील हिरवा ठिपका पाहून निश्चिंत होण्याची सवय लागलेली असते, मीही तशीच निश्चिंत होते.

तिसऱ्या दिवशी पार्म्याजवळ चीज कसे बनते ते पाहायला गेलो. तांब्याच्या प्रचंड काहिलींत दूध तापत होते. सुमारे चाळीस किलोच्या एका चक्राला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागते. चक्रे मिठाच्या पाण्यात मुरवतात आणि नंतर किमान बारा महिने फळ्यांवर ठेवतात. पारखी माणूस लहानशा हातोडीने चक्र ठोकून आवाजावरून आतील दोष ओळखतो. जुन्या काळी आपल्याकडे रुपया वाजवून घेत, तसेच. क्रेदितो एमिलियानो ही तेथील बँक ही चक्रे तारण ठेवून कर्ज देते, हे ऐकून आमच्या ह्यांना फार कौतुक वाटले. हरिपूरच्या पेवांतील हळद आणि शीतगृहातील बेदाणा यांचा व्यवहार पाहिलेल्या माणसाला त्यात आपलेपणा वाटणारच.

इतक्यात दाखवणाऱ्या बाईंनी काहिलीत एक पातळ द्रव ओतताना दाखवला आणि सहज सांगितले, हे वासराच्या जठरातून काढलेले विरजण. यावाचून या चीजला पार्मिज्यानो हे नाव लावताच येत नाही.

मुलीने ते मराठीत सांगितले आणि आम्ही सारेच गप्प झालो. दोन दिवस आईंच्या ताटात मी स्वतः ते वाढले होते. दोष कोणाचाच नव्हता. विचारायचा प्रश्न मीच विचारला नव्हता. बाहेर आल्यावर मी त्यांची क्षमा मागू लागले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अजाणता झालं. आता जाणून घे." दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मला कोणी बोलले नाही, आणि तेच अधिक लागले.

त्या रात्री मी आणि मुलीने बसून माहिती काढली. रोमचे पेकोरिनो चीज कोकराच्या विरजणाचे. ग्राना पादानो वासराच्या. कंपानियाच्या म्हशीच्या दुधाचे मानांकित मोत्सारेल्लाही तसेच. रिकोत्ता होते ती चीज काढल्यावर उरलेल्या निवळीची. मग तीही सोडली. म्हणजे इटलीच्या ताटातील अर्धे वैभव आमच्यासाठी संपले. "परत जाऊ या का?" असे मी विचारले. आई म्हणाल्या, "इथल्या गरिबांनाही हे रोज परवडत नसेल. ते काय खात होते, ते बघू."

पुढच्या साऱ्या प्रवासाची दिशा या एका वाक्याने ठरली.

पाटवडी आणि खपली

जेनोवा हे समुद्रकाठचे जुने व्यापारी शहर. तेथील गल्ल्यांत लाकडाच्या भट्टीवर भल्या मोठ्या तांब्याच्या परातीत फारिनाता भाजतात. हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचे तेल, बाकी काही नाही. कडेने खरपूस, आत मऊ. जणू परातीएवढे बेसनाचे धिरडे. तेथेच पानिस्सा मिळाली. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून, थापून, थंड झाल्यावर तुकडे करतात. आईंनी एक तुकडा उचलला आणि उपवासानंतर प्रथमच हसल्या. "अगं, ही तर आपली पाटवडी!"

तेथून लुक्क्याला आलो. या भागातील गार्फान्याना हे डोंगराळ खोरे फारो नावाच्या धान्यासाठी प्रसिद्ध आहे; 1996 मध्ये त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले. दुकानात ह्यांनी दाणे तळहातावर घेतले, दाताखाली धरले आणि म्हणाले, "ही खपली आहे." बोल खरा होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फारो आणि सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यातील आपला खपली गहू एकाच जातीचे. दोन्हींच्या दाण्याला टरफल घट्ट चिकटलेले. आपल्याकडे ते सडून काढतात, तिकडे यंत्रावर. अधिक उत्पन्न देणाऱ्या गव्हांपुढे दोन्हीकडे हे धान्य मागे पडले, आणि दोन्हीकडे आता पुन्हा मागणी वाढते आहे.

उतरलो होतो त्या घरात स्वयंपाकाची सोय होती. आईंनी पदर खोचला. सामानात गूळ, सुके खोबरे, सुंठ आणि वेलदोडे होतेच. लग्नाच्या पंगतीत वाढतो तशी खपलीची खीर त्यांनी रटरटत शिजवली आणि पहिली वाटी घरमालकिणीला दिली. त्या वयस्क बाई आयुष्यभर फारोचे सूप करीत आल्या होत्या. त्याचे गोड पक्वान्न होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी अर्धा तास त्या धान्याविषयी बोलत होत्या.

दुष्काळी चुलीचे शहाणपण

नेपल्समध्ये पिझ्झा खायला मिळेल असे कोणालाच वाटले नव्हते. परंतु तेथील मारिनारा नावाच्या पिझ्झ्यावर मुळी चीजच नसते. टोमॅटो, ओरेगानो, लसूण आणि तेल एवढेच. लसूण वगळायला सांगितला की झाले. मुलीचा आनंद काय वर्णावा!

खरा ठेवा मात्र बारीला सापडला. जुन्या शहरातील गल्लीत बायका दारासमोर पाट मांडून रव्याच्या लहान गोळ्या सुरीने ओढून, अंगठ्याने उलटवून ओरेकिएत्ते, म्हणजे 'छोटे कान', करीत होत्या आणि जाळीच्या चौकटींवर वाळत घालीत होत्या. मे महिना, ऊन, आणि दारोदार वाळवण! विट्यात त्याच दिवसांत शेवया-कुरडया चालू असतील, या आठवणीने आईंचे डोळे भरून आले.

हा पुलिया प्रांत कोरडा आणि एके काळी फार गरीब. पीक निघाल्यावर जाळलेल्या शेतांतून करपलेले दाणे वेचून त्याचे पीठ करीत. त्याला 'जळका गहू' असेच नाव आहे. आज तेच पीठ हौसेने महाग घेतले जाते. हुलग्याच्या माडग्यावर दिवस काढलेल्या आपल्या भागाला हे निराळे सांगायला नको.

चीज परवडत नसे, म्हणून तेथील गरीब घरांत पावाचा चुरा तेलात खरपूस परतून पास्त्यावर भुरभुरत. हे कळताच मी एका लहान भोजनालयात तसेच मागितले. आई वासी अन्न घेत नाहीत, हे समजावल्यावर त्या बाईंनी त्याच सकाळच्या पावाचा चुरा परतून दिला. टोमॅटो, तेल, मीठ, मिरी आणि वर तो कुरकुरीत चुरा. आईंनी एक घास घेतला, थांबल्या, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "विचारलंस ना सगळं?" मी "हो" म्हटले. त्यांनी ताट पूर्ण केले.

निघणाऱ्यांसाठी

'सेन्त्सा' म्हणजे वाचून. 'सेन्त्सा चिपोल्ला' कांद्यावाचून, 'सेन्त्सा अल्यो' लसणावाचून, 'सेन्त्सा उओवा' अंड्यांवाचून, 'सेन्त्सा फोर्माज्जो' चीजवाचून. विरजणाला 'काल्यो' म्हणतात. चीजवर 'काल्यो वेजेताले' लिहिले असेल तर ते वनस्पतिजन्य. सूप घेताना ते मांसाच्या पाण्यात केले आहे का, हे विचारावे. हे सारे एका कागदावर लिहून नेले तर वाढपी तो कागद थेट स्वयंपाकघरात नेतो. एका दोन दिवसांची शिदोरी आणि एक लहान पातेले सोबत असू द्यावे. शक्य तेथे चूल असलेले घर घ्यावे. विचारण्यात संकोच नको. आमच्या प्रश्नांनी कोणी रागावले नाही. उलट त्यामुळेच आम्हाला आत बोलावून कृती दाखवल्या गेल्या.

विट्याला परतून आता काही महिने झाले. दुकानात खपलीचे पोते पूर्वी आतल्या कोपऱ्यात असे. ह्यांनी ते दर्शनी जागी आणले आहे. घरी कधी रव्याच्या शेवया टोमॅटोच्या रसात शिजतात. आई खाखरा हाताने चुरतात, चमचाभर तेलात परततात आणि नातीच्या ताटात वरून घालतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारले, "हे काय नवीन?" आई म्हणाल्या, "बारीचं आहे. तिथल्या बायका आपल्यासारख्याच आहेत."