पाठमोरे बाळ अधिक सुरक्षित का?

लहान मुलाच्या डोक्याला किती आघात सोसतो, हे प्रयोग करून पाहता येत नाही. म्हणून दिनेश मोहन यांनी, जे पुढे दिल्लीच्या आयआयटीतील रस्ते-सुरक्षा संशोधनाचे आधारस्तंभ ठरले, सहकाऱ्यांसह 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उंचावरून डोक्यावर पडलेल्या मुलांच्या प्रत्यक्ष घटनांची गणिती प्रतिरूपे मांडून ती मर्यादा अजमावली. तान्ह्या बाळाच्या बाबतीत प्रश्न मानेचाही असतो, कारण त्याचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे चौथा हिस्सा भरते आणि ते पेलणाऱ्या मणक्यांचे काही भाग अजून कूर्चेचेच, म्हणजे हाडापूर्वीच्या मऊ ऊतीचे असतात. गाडी समोरून आदळली, की पुढे तोंड केलेल्या बाळाचे धड पट्ट्यांत अडते, डोके मात्र झेपावते आणि सारा ताण मानेवर येतो. स्वीडनमधील बर्टिल आल्डमन यांनी 1960च्या दशकात अंतराळवीरांच्या आसनांवरून स्फूर्ती घेऊन बाळाला पाठमोरे, म्हणजे गाडीच्या मागील बाजूस तोंड करून बसवले. त्यामुळे डोके, मान आणि पाठ एकत्रच आसनाच्या कवचात दाबली जातात व आघात मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो. असे आसन चालू एअरबॅगसमोर मात्र कधीही ठेवू नये, कारण क्षणार्धात फुगणारी पिशवी बाळाच्या डोक्यामागील कवचावरच आदळते.

आईच्या मांडीवर बाळ सुरक्षित असते, ही समजूत आकडेमोडीपुढे टिकत नाही. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर 8 किलोच्या बाळाला धरून ठेवण्यास सरासरी 110 किलोहून अधिक वजन पेलण्याइतके बळ लागते. यमुना एक्सप्रेसवेवरील ताशी 100 किलोमीटर वेगात तर गतिज ऊर्जा चौपट होते.

मोटार वाहन कायद्यातील 2019ची दुरुस्ती 14 वर्षांखालील मुलासाठी सीटबेल्ट वा बालआसन यांपैकी काहीही न वापरल्यास 1000 रुपये दंड सांगते, परंतु तान्हे मूल आणि तेरा वर्षांचा मुलगा यांना एकाच मापाने मोजते, हे शास्त्राला धरून नाही: मोठ्यांचा पट्टा कंबरेच्या पक्क्या हाडांवर टेकतो आणि तशी हाडे बाळाला नसतात. 2023 मध्ये सुरू झालेल्या, ऐच्छिक असलेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यांकनात दीड व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या बाहुल्या बसवून गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळवली जाते. तिथे आसन निगुतीने बसवलेले असते. दिल्लीच्या थंडीत मात्र जाड जॅकेटसकट बाळाला पट्टे लावले जातात आणि धडकेत कापूस दबून ते सैल पडतात. म्हणून जॅकेट काढून पट्टे घट्ट करावेत व पांघरूण वरून घालावे.