नियम आम्हाला, सूट साहेबाला?

तेल्हारा तालुक्यातल्या गटांच्या बैठकींना आम्ही जातो, तेव्हा एक बोलणं हमखास कानावर येतं. डेंग्यूसाठी आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणा, नाहीतर दुसरी कोणतीही सरकारी सूचना सांगा, मागून कोणीतरी म्हणतंच, "पयले सायबाले सांगा, मंग आमाले." सगळ्या हसतात आणि विषय पुढे सरकतो.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. या बोलण्याची मुळं लॉकडाऊनच्या दोन वर्षांत आहेत. तेव्हा कायदा काय होता, तो कोणाला लागला, कोणाला लागला नाही, आणि पुन्हा तशी वेळ आली तर आपण बायांनी काय करायचं, हे आज समजून घेऊ.

आधी आपण काय पाळलं ते आठवू. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून सगळा देश बंद झाला. एसटी बंद, आठवडी बाजार बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. कापसाची खरेदी थांबली, घरातला कापूस घरातच पडून राहिला. बायांच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून महिन्याला पाचशे रुपये आले. ते काढायलाही खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस ठरवून दिले होते. आपण ते दिवस पाळले आणि उन्हात अंतर ठेवून उभ्या राहिलो. लग्न पन्नास माणसांत, मयत वीस माणसांत. २०२१ च्या एप्रिलमध्ये तर लग्न पंचवीस माणसांत आणि दोन तासांत उरकायचं होतं, नाहीतर पन्नास हजार रुपये दंड. माहेरी बाप गेला आणि जिल्ह्याची हद्द ओलांडता आली नाही, अशा बाया आपल्या गावागावांत आहेत.

शेगावच्या गजानन महाराजांची पायी पालखी २०२० आणि २०२१ अशी दोन वर्षं पंढरपूरला निघाली नाही. ज्या वारकऱ्यांनी ऊन-पाऊस पाहिला नाही, त्यांनी घरी बसून एकादशी केली. बचत गटांच्या बायांनी घरी मशीनवर मास्क शिवले. हे सगळं काठीच्या धाकानं झालं का? काही ठिकाणी काठीही चालली, हे खरं आहे. पण पोलीस प्रत्येक वावराच्या धुऱ्यावर उभा राहू शकत नाही. नियम चालला, तो लोकांनी मानला म्हणून. आणि लोकांनी मानला, कारण हा आजार सगळ्यांचा आहे आणि नियमही सगळ्यांना सारखा आहे, असा भरवसा होता.

आता कायद्याचं बघू. तेव्हा मुख्यतः दोन कायदे वापरले गेले. एक साथरोग कायदा, १८९७ चा. मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी तो केला होता. दुसरा आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ चा. आदेश मोडला की भारतीय दंड संहितेचं कलम १८८ लागायचं. त्यात एक महिना कैद किंवा दोनशे रुपये दंड, आणि लोकांच्या जीवाला धोका झाला तर सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम २२३ झालं. दंड आता अडीच हजारांपर्यंत आणि जीवाला धोका झाला तर पाच हजारांपर्यंत आहे, कैदही एक वर्षापर्यंत होऊ शकते.

मग अधिकाऱ्याला काहीच नाही का? आहे. आपत्ती कायद्याच्या कलम ५६ मध्ये कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद लिहिली आहे. पण पुढेच कलम ५९ आहे. त्यात म्हटलं आहे की असा खटला भरायचा तर आधी सरकारची परवानगी पाहिजे. साध्या माणसावर गुन्हा नोंदवायला ठाण्यात अर्धा तास पुरतो. साहेबाचा कागद मात्र आधी वर जातो, तिथे चौकशी होते, आणि चौकशी करणारे बहुतेक वेळा त्याच खात्यातले किंवा शेजारच्या खात्यातले असतात. तराजूचं एक पारडं इथेच जड होतं.

हे प्रत्यक्षात कसं घडलं, त्याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत.

लॉकडाऊनला पंधरा दिवस झाले होते. ८ एप्रिल २०२० ला राज्याच्या गृह विभागातले प्रधान सचिव अमिताभ गुप्ता यांनी एक पत्र दिलं. त्या पत्रावर वाधवान कुटुंब आणि त्यांच्याबरोबरची माणसं, अशी तेवीस जणं पाच गाड्यांतून खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेली. कपिल आणि धीरज वाधवान हे बँक घोटाळ्याच्या प्रकरणात तपास यंत्रणांना हवे होते. पत्रात मात्र ते ओळखीचे असून कौटुंबिक तातडीसाठी जात आहेत असं लिहिलं होतं. साताऱ्याच्या प्रशासनानं त्यांना अडवलं, विलगीकरणात ठेवलं आणि गुन्हा नोंदवला. हे चांगलं झालं, तेही सांगितलं पाहिजे. गुप्ता यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं. चौकशी झाली, ते कामावर परत आले आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पुण्याचे पोलीस आयुक्त झाले.

याच्याशेजारी दुसरी तारीख ठेवा, ८ मे २०२०. बरोबर एक महिन्यानंतरची. जालन्याहून भुसावळकडे रेल्वे रुळांवरून पायी निघालेले मध्य प्रदेशचे मजूर करमाडजवळ थकून रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली आणि सोळा जणांचा जीव गेला. आम्ही पासासाठी अर्ज केला होता, उत्तर आलं नाही, असं त्यांच्यातल्या वाचलेल्यानं सांगितलं होतं. एका पत्रावर पाच गाड्या घाट चढल्या आणि एका पासासाठी माणसं रुळावरून चालली. नियमाचं पुस्तक दोघांना एकच होतं.

आता आपल्या वऱ्हाडातलं. २०२१ च्या फेब्रुवारीत दुसरी लाट आपल्या भागातूनच वर आली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरांत आठवडाभर लॉकडाऊन लागला, अकोला जिल्ह्यातल्या शहरांतही कडक निर्बंध आले. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी २१ तारखेला सांगितलं होतं की राजकीय, धार्मिक, सामाजिक गर्दीचे कार्यक्रम बंद. आणि २३ तारखेला त्यांच्याच मंत्रिमंडळातले वनमंत्री संजय राठोड वाशीम जिल्ह्यात पोहरादेवीला दर्शनाला आले, तेव्हा तिथे हजारोंची गर्दी जमली. पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान आहे. तिथे जाण्यात काही वावगं नाही. प्रश्न त्या दिवशीच्या गर्दीचा होता. मुख्यमंत्र्यांनी नाराजी दाखवली आणि कारवाई करायला सांगितलं. गुन्हे नोंदले गेले ते गर्दीतल्या हजारो लोकांवर. मंत्र्यांचं नाव त्यात का नाही, ही चर्चा तेव्हा सगळीकडे झाली. २८ फेब्रुवारीला राठोड यांनी राजीनामा दिला, पण तो दुसऱ्याच प्रकरणावरून. गर्दीसाठी नव्हे.

यात एका पक्षाचं नाव घेऊन दुसऱ्याला मोकळं सोडायचं नाही. ५ एप्रिल २०२० ला वर्धा जिल्ह्यात आर्वीचे तेव्हाचे आमदार दादाराव केचे यांच्या वाढदिवशी धान्य वाटपासाठी त्यांच्या घरासमोर गर्दी झाली आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदला गेला. गर्दी विरोधकांनी जमवली, असं त्यांचं म्हणणं होतं. ते आमदार विरोधी पक्षाचे होते, पोहरादेवीचे मंत्री सत्तेतल्या पक्षाचे. खुर्ची कोणतीही असो, नियम वाकवायचा मोह एकच.

साहेबानं एक नियम मोडला तर असं काय बिघडतं? बिघडतं ते भरवशाचं. इंग्लंडमध्ये याची मोजदाद झाली. तिथल्या पंतप्रधानांचे सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज लॉकडाऊनमध्ये लंडनहून चारशे किलोमीटर दूर डरहमला गाडीनं गेले होते. ही बातमी २२ मे २०२० ला बाहेर आली आणि पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी त्यांची बाजू घेतली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे अभ्यासक तेव्हा सुमारे चाळीस हजार लोकांना नेमानं प्रश्न विचारत होते. त्यांना दिसलं की त्या दिवसांत इंग्लंडच्या लोकांचा सरकारवरचा विश्वास झपकन खाली आला. शेजारच्या स्कॉटलंड आणि वेल्समधल्या लोकांचा स्वतःच्या सरकारवरचा विश्वास तसा घसरला नाही.

त्याच स्कॉटलंडमध्ये सरकारच्या सर्वांत मोठ्या वैद्यकीय अधिकारी डॉ. कॅथरिन काल्डरवुड टीव्हीवर लोकांना घरी राहा सांगत होत्या, आणि स्वतः दोनदा आपल्या दुसऱ्या घरी जाऊन आल्या. ५ एप्रिल २०२० ला फोटो छापून आला. त्याच दिवशी त्यांनी माफी मागून पद सोडलं. पुढे २०२२ मध्ये लंडनच्या पोलिसांनी लॉकडाऊनमधल्या वाढदिवसाच्या जमावासाठी खुद्द पंतप्रधान जॉन्सन यांना दंड लावला. रक्कम होती पन्नास पौंड, म्हणजे आपले पाचेक हजार रुपये. दंड लहान, पण पावती पंतप्रधानांच्या नावाची.

मैत्रिणींनो, हे आपल्याला नवीन आहे का? आपल्या गटात काय असतं? बैठकीला उशीर झाला की दंड, न सांगता गैरहजर राहिलं की दंड. पाच रुपये असोत की दहा. ज्या गटात अध्यक्षताईचा दंडही सचिव सर्वांसमोर घेते आणि वहीत लिहिते, त्या गटात कोणी कुरकुर करत नाही. आणि ज्या गटात अध्यक्षताईचा हप्ता थकला तरी कोणी बोलत नाही, तिथे वर्षभरात सगळ्यांचे हप्ते थकतात. मग बँक दारात उभी करत नाही. पंधरा घरांचा गट असो की तेरा कोटींचं राज्य, हिशेब हाच आहे.

मग साहेब पाळत नाही म्हणून आपणही सोडायचं का? आमचं उत्तर आहे, नाही. आजार खुर्ची बघून येत नाही, आणि आपल्या घरात म्हातारी सासू आहे, लेकरू आहे. मास्क साहेबाच्या मानासाठी नव्हता, आपल्या श्वासासाठी होता. आपण पाळणं सोडलं तर साहेबाचं काही जात नाही, आपलं घर उघडं पडतं. पण पाळणं म्हणजे तोंड बंद ठेवणं नव्हे. जी बाई नियम पाळते, तिलाच विचारायचा सगळ्यात मोठा हक्क आहे.

तर विचारायचं कसं? चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आदेश कागदावर मागा. कोणीही येऊन दुकान बंद करा, दंड भरा म्हणालं, तर शांतपणे विचारा की आदेश कोणाच्या सहीचा आहे, कोणत्या तारखेचा आहे आणि कधीपर्यंतचा आहे. दंड भरला तर पावती घ्या. पावती नसेल तर तो दंड सरकारात गेला की नाही, हे कोणाला सांगता येणार?

दुसरी, माहितीचा अधिकार वापरा. कोणाला किती पास दिले, कोणत्या कारणासाठी दिले, किती जणांवर गुन्हे नोंदले, हे सगळं विचारता येतं. अर्ज मराठीत, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लिहायचा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. दारिद्र्यरेषेखालच्या बाईला तेही नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडायची. तीस दिवसांत उत्तर मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

तिसरी, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथे ठराव मांडा की साथीच्या काळात गावासाठी जे नियम असतील ते सरपंच, सदस्य आणि गावात येणारे अधिकारी, सगळ्यांना सारखे राहतील. ठराव प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. बोललेलं हवेत जातं, लिहिलेलं राहतं.

चौथी, एकटीनं जाऊ नका, गटानं जा. एकटीला "तू कोण विचारणारी" म्हणता येतं. ग्रामसंघाचा ठराव आणि चाळीस सह्या हातात असल्या की आधी बसायला खुर्ची मिळते. आणि बोलताना कोणाच्या घरावर, जातीवर, बायकोवर जाऊ नका. नियम कोणता, मोडला कधी, कारवाई काय झाली, एवढंच विचारा.

एक गोष्ट विसरू नका. त्याच काळात आपल्या आशाताई, अंगणवाडीताई, परिचारिका, सफाई कामगार, गावचा पोलीस पाटील जीव मुठीत धरून काम करत होते. तेही सरकारचीच माणसं. दोन-चार जणांनी नियम मोडला म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरलं, तर या प्रामाणिक माणसांचा भार आणखी वाढतो. आशाताई दारात येते आणि लोक तिला ऐकवतात, "तुमचे मंत्री पाळतात का?" दुसऱ्याच्या गर्दीची शिक्षा तिला भोगावी लागते.

म्हणून येत्या बैठकीत "पयले सायबाले सांगा" असं कोणी म्हटलं, तर हसून सोडून देऊ नका. म्हणा, "बरोबर आहे ताई, चल, सायबाले सांगूच. अर्ज कोण लिहिते?" आणि लिहायला बसण्याआधी आपल्या गटाची वही उघडून बघा, अध्यक्षताईचा दंड त्यात लिहिलेला आहे ना.